सरकती करवत घेताना : रुंदी, जाडी आणि खर्चाचा हिशेब

भुसावळच्या पूर्वेस, पूर्वी ६ आणि आता ५३ हा क्रमांक असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर आणि भुसावळ-नागपूर लोहमार्गावर वसलेले वरणगाव राज्याला ओळखीचे झाले ते १९६४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या आयुध निर्माणीमुळे. अशा निमशहरी गावातील सुतारकामाचे स्वरूप मोठ्या शहरापेक्षा वेगळे असते. पुण्या-मुंबईत फर्निचर करणारा एक, दरवाजे बसविणारा दुसरा आणि फोटोच्या चौकटी करणारा तिसरा असतो. येथे मात्र एकाच सुताराला घराची चौकट, दाराची फळी, स्वयंपाकघराचे कपाट, देवघर आणि जिन्याच्या पायऱ्या अशी सर्व कामे करावी लागतात. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र घेणे त्याला परवडत नाही. त्यामुळे अनेक कामांना उपयोगी पडणाऱ्या यंत्राकडे त्याचे लक्ष जाते आणि त्या यादीत ‘स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ’ हे लांबलचक नावाचे यंत्र वरच्या क्रमांकावर असते.

हे यंत्र स्वस्त नाही. जाहिरातींत मोटारीचे वॅट, लेझर किरण आणि पात्याचा आकार ठळकपणे सांगितला जातो. परंतु काम बिघडते किंवा साधते ते निराळ्याच गोष्टींवर. मर्यादित पैशात कोणते यंत्र घ्यावे, कोणत्या सोयींचा मोह टाळावा आणि मुळात सरकते यंत्र घ्यावे की नाही, हे ठरविण्यासाठी पुढील माहिती उपयोगी पडावी.

यंत्र म्हणजे काय?

मायटर म्हणजे दोन पट्ट्या कोपऱ्यात जुळविण्यासाठी दिलेला तिरपा काप. फोटोफ्रेमच्या कोपऱ्यात दिसणारा ४५ अंशांचा सांधा हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. पूर्वी हा काप खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत पट्टी धरून, हातकरवतीने घेतला जात असे. अमेरिकेत रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ मध्ये आडव्या दांड्यावरून सरकणारी विजेवरची करवत तयार केली, तर रॉकवेल कंपनीतील अभियंता एड नीहाउस यांच्या नावावर १९६४ मधील मायटर सॉचे श्रेय दिले जाते. आजच्या सरकत्या यंत्रात या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत.

यंत्राच्या नावातील प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. ‘मायटर’ म्हणजे खालचा गोल पाट डावी-उजवीकडे फिरतो आणि पाते लाकडाला आडव्या पातळीत तिरपे येते. ‘कंपाउंड’ म्हणजे त्याच वेळी पाते स्वतः एका बाजूस कलूही शकते. ‘स्लायडिंग’ म्हणजे मोटारीसह पात्याचे डोके दांड्यांवरून पुढे-मागे सरकते आणि त्यामुळे पात्याच्या आकाराच्या मानाने बरीच रुंद फळी एका दमात कापली जाते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. लोखंडी पाइप आणि अँगल कापण्यासाठी फॅब्रिकेशनच्या दुकानात जे १४ इंची चॉप सॉ यंत्र असते, ते दिसावयास काहीसे असेच असले तरी त्याचे काम वेगळे आहे. त्यावर घासून कापणारी चकती लावलेली असते; त्याचे कवच, टेकू आणि पकड लाकडासाठी केलेली नसते. स्वस्त पडते म्हणून त्या यंत्राला लाकडाचे दातेरी पाते लावणे हा जिवाशी खेळ आहे.

आधी फळी मोजावी, मग यंत्र

खरेदीचा पहिला प्रश्न कंपनी कोणती हा नसून, आपण कापतो ती सर्वांत रुंद फळी किती आणि सर्वांत जाड लाकूड किती, हा आहे. मागील वर्षभरातील कामांची आठवण करून ही दोन मापे कागदावर लिहिल्यास निम्मा निर्णय तेथेच होतो.

न सरकणाऱ्या १० इंची, म्हणजे २५५ मिलिमीटर पात्याच्या यंत्रात सरळ काप घेताना सुमारे १३० मिलिमीटर रुंदी मिळते. म्हणजे जेमतेम पाच इंच. ती पूर्ण रुंदी घ्यावयाची तर जाडी सत्तर मिलिमीटरच्या आसपासच मिळते. जाडी वाढविली की रुंदी घटते. गोल पाते वरून खाली येत असल्याने ही देवाणघेवाण टळत नाही. सरकत्या यंत्रात मात्र पाते फळीवरून प्रवास करते आणि पूर्ण रुंदीभर सारखीच खोली मिळते. याच कारणासाठी तुलनेने लहान पात्याचे सरकते यंत्रही मोठ्या पात्याच्या स्थिर यंत्रापेक्षा रुंद फळी कापते. उदाहरणार्थ, बॉश कंपनीच्या ‘जीसीएम ८ एसजेएल’ या २१६ मिलिमीटर पात्याच्या सरकत्या यंत्राची सरळ कापाची क्षमता ३१२ मिलिमीटर रुंदी आणि ७० मिलिमीटर जाडी अशी आहे. मोटार १,६०० वॅटची आणि वजन १७ किलोच्या थोडे वर.

रुंदीचा हा आकडा नव्वद अंशांच्या कापाचा असतो, हे विसरू नये. ४५ अंशांत फळी तिरपी कापली की कापाची लांबी फळीच्या रुंदीच्या १.४१ पट होते. म्हणजे ३१२ मिलिमीटरचे यंत्र ४५ अंशांत साधारण २२० मिलिमीटर रुंदीचीच फळी कापेल. पाते कलविले तर जाडीही सुमारे एकतृतीयांशाने कमी होते.

आता ही मापे स्थानिक कामाला लावून पाहावी. घराच्या मुख्य दाराची चौकट सर्रास ५ बाय ३ इंची लाकडाची करतात. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. वर उल्लेखिलेल्या आकाराचे २१६ मिलिमीटरचे यंत्र ७० मिलिमीटरवर थांबते. म्हणजे न रंधलेली चौकट एका कापात तुटत नाही, लाकूड उलटून दुसरा काप घ्यावा लागतो आणि दोन काप जुळले नाहीत तर पायरी राहते. रंधा मारून झाल्यावर जाडी ७० मिलिमीटरपर्यंत उतरली तर तेच लाकूड जेमतेम बसते. ज्याचे मुख्य उत्पन्न चौकटींवर आहे त्याने ७६ मिलिमीटरपेक्षा अधिक खोलीचे, म्हणजे बहुधा २५५ मिलिमीटर पात्याचे सरकते यंत्र पाहावे. चौकटीचे कोपरे आपल्याकडे कूस आणि साल पाडून जोडतात, मायटर करून नव्हे. त्यामुळे येथे यंत्राने फक्त लांबी बिनचूक आणि टोक काटकोनात कापून द्यावयाचे असते.

याउलट ज्याचे काम फर्निचरच्या कडेच्या पट्ट्या, काचेची बीडिंग, फोटोफ्रेम आणि देवघराची नक्षीपट्टी एवढेच आहे, त्याची रुंदी क्वचितच चार इंचांपलीकडे जाते. त्याला सरकत्या यंत्राची गरज नाही. न सरकणारे चांगल्या प्रतीचे यंत्र कमी पैशात येते, हलके असते, कमी जागा घेते आणि सरकणारे भागच नसल्याने त्यात ढिलाईही कमी शिरते. जिन्याच्या दहा-बारा इंची पायऱ्या, कपाटाच्या फळ्या आणि दाराच्या रुंद पट्ट्या नित्य कापणाऱ्यालाच सरकण्याचा खरा लाभ मिळतो.

प्लायवूडचा ८ बाय ४ फुटी ताव मात्र कोणत्याही मायटर सॉवर उभा चिरता येत नाही. त्यासाठी टेबल सॉ किंवा मार्गदर्शक पट्टीवर चालणारी हातातील गोल करवतच हवी. केवळ प्लायवूडचे काम करणाऱ्याने हे यंत्र घेतले तर ते कोपऱ्यात पडून राहील.

पाव अंशाची किंमत

स्वस्त आणि महाग यंत्रांतील खरा फरक मोटारीत नसून सरकत्या दांड्यांच्या आणि बिजागरीच्या घट्टपणात असतो. चार बाजूंच्या चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक कापात केवळ पाव अंशाची चूक एकाच दिशेने झाली तर चौथ्या कोपऱ्यापर्यंत ती दोन अंशांची होते. पट्टी तीन इंच रुंद असेल तर त्या कोपऱ्यात जवळपास पावणेचार मिलिमीटरची फट उघडी पडते. ती लांबीने भरून वर पॉलिश केले तरी पहिल्या उन्हाळ्यात दिसू लागते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. लाकूड आकसते आणि फुगते. यंत्राच्या चुकीत हवामानाची भर पडली की तक्रार सुताराच्याच वाट्याला येते.

म्हणून दुकानात यंत्र पाहताना पुढील परीक्षा जरूर कराव्यात. यंत्राची वीज बंद असताना डोके पुढे पूर्ण ताणावे आणि मुठीला धरून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवावे. पात्याच्या टोकाशी हालचाल जाणवली तर तेवढीच चूक रुंद कापात उतरणार, हे समजावे. डोके पुढे-मागे सरकताना कोठेही अडखळू नये. मागची आडपट्टी, जिला फेन्स म्हणतात, ती दोन्ही बाजूंस एका रेषेत आहे का, हे पोलादी पट्टी लावून पाहावे. ९० आणि ४५ अंशांच्या खाचेत पाट घट्ट बसतो का आणि कुलूप लावताना कोन सरकतो का, हेही तपासावे.

काटकोनाची सर्वांत सोपी कसोटी लाकडाच्या तुकड्यावर होते. दोन्ही कडा समांतर असलेली सरळ पट्टी घेऊन ९० अंशांत कापावी. मग एक अर्धा भाग उलटा करून दोन्ही तुकडे सरळ कडेला टेकवून टोकाला टोक भिडवावे. फट दिसली नाही तर कोन बरोबर. दिसली तर ती प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही डोळ्याला कळते. पात्याचा उभा काटकोन गुण्या लावून पाहावा. मात्र गुण्या पात्याच्या सपाट भागाला टेकवावा, दातांना नव्हे, कारण दात दोन्ही बाजूंस किंचित बाहेर आलेले असतात. नवे यंत्रही पेटीतून बिनचूकच निघेल असे नाही. ते जुळविण्याचे स्क्रू कोठे आहेत आणि विक्रेता ते करून दाखवितो का, हे विचारण्यात संकोच नसावा.

कोणत्या सोयींना पैसे द्यावेत?

दोन्ही बाजूंस कलणारे पाते ही महागडी सोय आहे. छताच्या कडेला तिरपी लाकडी पट्टी बसविण्याची परदेशी पद्धत असेल तेथे तिचा उपयोग मोठा. आपल्याकडे छताची नक्षी बहुधा पीओपीची असते. पाते एका बाजूस कलणारे असेल तरी फळी फिरवून दुसऱ्या बाजूचा काप घेता येतो. क्वचित लागणाऱ्या कामासाठी यावर खर्च करण्याचे कारण नाही.

लेझर किरणाने कापाची रेषा दिसते हे खरे. पण तो हादऱ्यांनी सरकतो आणि अंगणात उन्हात काम करताना दिसतही नाही. काही यंत्रांत पात्यामागे दिवा असतो आणि पात्याची सावलीच लाकडावर पडते. ती सावली पात्याच्या खऱ्या जागी आणि खऱ्या जाडीची असल्याने जुळविण्याचा प्रश्न येत नाही. दोन्हींपैकी काहीच नसले तरी पेन्सिलीच्या खुणेवर काम करणाऱ्याचे अडत नाही.

याउलट तीन गोष्टींना अवश्य पैसे द्यावेत. पहिली, बटण सोडताच पाते थांबविणारा विजेचा ब्रेक. दुसरी, आपोआप झाकणारे आणि न अडकणारे पात्याचे कवच. तिसरी, सुट्या भागांची उपलब्धता. या यंत्रांच्या बहुतेक मोटारींत कार्बन ब्रश असतात आणि ते झिजतात. ते ब्रश, स्विच आणि आर्मेचर भुसावळ किंवा जळगावात मिळते का, दुरुस्तीस किती दिवस लागतात आणि यंत्र कोठे पाठवावे लागते, हे बिल करण्यापूर्वी विचारावे. ऑनलाइन काही रुपये कमी पडले तरी दुरुस्तीसाठी सतरा-अठरा किलोचे धूड परगावी पाठविण्याचा खर्च त्या सवलतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

जागेचाही विचार हवा. सरकत्या यंत्राचे दांडे बहुधा मागे निघतात, त्यामुळे यंत्र भिंतीला टेकवून ठेवता येत नाही. दहा फुटी गाळ्यात हे अंतर भारी पडते. कामाच्या जागी यंत्र नेणाऱ्याने वजन पाहावे. ३०५ मिलिमीटर पात्याची मोठी यंत्रे पंचवीस किलोच्या घरात जातात. दुसऱ्या मजल्यावर ती रोज चढविणे सोपे नाही.

परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागविण्याचा मोहही होतो. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची असतात आणि आपला घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. ते यंत्र सरळ जोडल्यास मोटार जळते. चालू होतानाचा प्रवाह झेलणारा जड ट्रान्सफॉर्मर, न मिळणारे भाग आणि लागू नसलेली हमी यांचा हिशेब केला तर हा व्यवहार क्वचितच फायद्याचा ठरतो.

निम्मे काम पात्याचे

यंत्रासोबत येणारे पाते अनेकदा साधे असते आणि यंत्र बदनाम होते ते त्याच्यामुळे. पाव अंशाच्या चुकीसाठी जेवढे यंत्र जबाबदार, तेवढेच लवचीक आणि बोथट पातेही. त्यामुळे खरेदीच्या दिवशीच एका चांगल्या पात्याचे पैसे बाजूला काढावेत.

आडव्या कापासाठी २१६ मिलिमीटरच्या पात्याला ४८ ते ६० आणि २५५ मिलिमीटरच्या पात्याला ६० ते ८० दात असावेत. दात कमी असले तर काप जलद पण खरबरीत होतो. फार जास्त असले तर जाड सागात भुसा अडकून लाकूड जळते. दातांचा पुढे झुकणारा कोन सरकत्या यंत्रासाठी अगदी कमी किंवा उणे असावा. हा कोन जास्त असलेले टेबल सॉचे पाते सरकत्या यंत्राला लावल्यास ते लाकडावर चढून डोके झटक्यात अंगावर येऊ शकते. लाकडासाठी आलटूनपालटून तिरपे घासलेले दात, तर एमडीएफ, लॅमिनेट आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी एक सपाट आणि एक दोन्ही कोपरे घासलेला अशी रचना चांगली. पात्याचे मधले भोक यंत्राच्या दांड्याशी तंतोतंत जुळावे. ३० आणि २५.४ मिलिमीटर ही मापे प्रचलित आहेत आणि सैल भोकाचे पाते कागद गुंडाळून बसविणे धोक्याचे आहे. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असावी. मिनिटाला ५,५०० फेरे घेणाऱ्या २१६ मिलिमीटर पात्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६२ मीटर, म्हणजे ताशी २२० किलोमीटरहून अधिक असतो. त्या वेगाने सुटलेला दात थांबविता येत नाही.

खान्देशातील लाकडाचीही स्वतःची वैशिष्ट्ये आहेत. सागात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो साध्या पोलादी दातांची धार लवकर घालवितो. बाभूळ आणि अंजन ही लाकडे त्याहून कठीण. कार्बाइडचे दात येथे चैन नसून गरज आहे. धाब्याची जुनी घरे पाडल्यावर निघणारे सागाचे खांब आणि तुळया नव्या घरात पुन्हा वापरण्याची चाल आहे. ते लाकूड मुरलेले आणि उत्तम असते, परंतु त्यात खिळे आणि चुका रुतलेल्या असतात. कापण्यापूर्वी त्यावरून जोरदार लोहचुंबक फिरवावे आणि संशय येईल तेथे पटाशीने उकरून पाहावे. एका खिळ्याने पात्याचे अनेक दात उडू शकतात.

वीज : न दिसणारा खर्च

१,६०० वॅटची मोटार २३० व्होल्टवर सुमारे सात अँपियर वीज घेते. चालू होण्याच्या क्षणी मात्र त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्यामुळे मोबाइल चार्जरच्या ६ अँपियरच्या खोबणीत हे यंत्र लावू नये. १६ अँपियरची खोबण, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा गळती प्रवाह तोडणारा स्विच एवढी व्यवस्था आधी करावी.

लांब वायरीचा प्रश्न अनेकांच्या ध्यानात येत नाही. २० मीटर लांबीच्या, १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत चालू यंत्रामुळे सुमारे पाच व्होल्ट गळतात. परंतु सुरुवातीचा प्रवाह ४० अँपियर धरला तर त्या क्षणी दाब जवळपास २९ व्होल्टनी पडतो. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर हीच घट सुमारे १२ व्होल्टवर येते. उन्हाळ्यात पुरवठ्याचा दाब आधीच उतरलेला असेल तर बारीक वायरीवर यंत्र घुमते, पण जोर धरत नाही. कारागीर डोके दाबतो, मोटार तापते आणि जळते. मग दोष यंत्रावर जातो. जाड वायरीसाठी दिलेले जादा पैसे म्हणजे मोटारीचा विमाच होय.

एकूण खर्च आणि कर्ज

परवडणारे यंत्र म्हणजे कमी किमतीचे यंत्र नव्हे. रोजच्या कामावर ज्याचा भार कमी पडतो ते यंत्र. समजा, यंत्र ३० हजार रुपयांचे आहे आणि पाते, दोन्ही बाजूंचे टेकू, वायर, चष्मा आणि मुखपट्टी यांस ८ हजार लागले. एकूण ३८ हजार. वर्षाला २५० दिवस याप्रमाणे चार वर्षे वापरले तर दिवसाला ३८ रुपये पडतात. वीज आणि धार लावण्याचा खर्च वेगळा. हेच यंत्र वर्षात वीसच दिवस वापरणाऱ्यास दिवसाला ४७५ रुपये पडतील. त्याने न सरकणारे यंत्र घ्यावे, दोघा-तिघांत मिळून घ्यावे किंवा गरजेपुरते भाड्याने आणावे, हे शहाणपणाचे.

वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या कारागिराने पक्के बिल घेतल्यास भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. हमीसाठीही पक्के बिल लागतेच.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. या योजनेत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि तारणाशिवाय ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांत फेडावयाचा, आणि दुसरा २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांचा. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. ४० हजार रुपयांचे कर्ज १८ समान हप्त्यांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २,३१० रुपये येतो. महिन्याच्या कामातून हा हप्ता सहज निघत असेल तरच मोठे यंत्र घ्यावे. ई-व्हाउचरच्या १५ हजारांत पूर्ण सरकते यंत्र आणि त्याची साधने बसविण्याचा आग्रह धरला तर बहुधा पाते आणि सुरक्षा यांनाच कात्री लागते.

जुने यंत्र घ्यावयाचे असल्यास ते भाराखाली चालवून पाहावे. लाकूड कापताना आवाज बदलून ठिणग्या उडत असतील तर आर्मेचर तपासावे. कवच काढून टाकलेले किंवा तारेने बांधून ठेवलेले यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये; ज्याने कवच बांधले त्याने बाकीची देखभाल कशी केली असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

हात आणि फुफ्फुसे

हातावर पोट असणाऱ्याचे एक बोट गेले तरी यंत्रावर वाचविलेले सारे पैसे व्यर्थ जातात. सरकते यंत्र चालविण्याची पद्धत ठरलेली आहे : पाते बंद असताना डोके स्वतःकडे ओढावे, यंत्र सुरू करून पाते पूर्ण वेगात येऊ द्यावे, ते लाकडात खाली उतरवावे आणि मग पुढे, फेन्सकडे ढकलत कापावे. कापत कापत स्वतःकडे ओढणे घातक आहे, कारण पाते लाकडावर चढून अंगावर येते. काप पूर्ण झाल्यावर बटण सोडावे आणि पाते थांबल्यावरच डोके वर उचलावे.

हात पात्यापासून किमान सहा इंच दूर असावा. देवघराच्या नक्षीसाठी लागणारे बोटभर तुकडे हाताने धरून कापू नयेत. ते लांब पट्टीतूनच कापावेत किंवा शिकंज्यात धरावेत. लाकूड फेन्सला आणि पाटाला पक्के टेकलेले असावे. वाकडी फळी असेल तर तिचा फुगवटा फेन्सकडे ठेवावा, अन्यथा काप मिटून पाते अडकते. हातमोजे, सैल बाह्या आणि गळ्यातील रुमाल यंत्राजवळ नको. पाते बदलताना प्लग काढलेला असावा.

भुशाकडे होणारे दुर्लक्ष अधिक घातक, कारण त्याचे परिणाम उशिरा दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. एमडीएफच्या चिकटद्रव्यातील फॉर्माल्डिहाइडही २००४ पासून त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे. यंत्राची पिशवी सगळी धूळ गोळा करीत नाही. बारीक धूळ हवेतच राहते. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नसून एन-९५ किंवा त्या दर्जाची मुखपट्टी वापरावी, शक्य तर धूळ ओढणारे यंत्र जोडावे आणि दिवसभराच्या आवाजापासून कानांचेही रक्षण करावे.

खरेदीचा क्रम

सर्वांत रुंद आणि सर्वांत जाड लाकडाचे माप लिहून काढावे. रुंदी पाच इंचांच्या आत असेल तर न सरकणारे चांगले यंत्र घ्यावे. रुंदी जास्त आणि जाडी ७० मिलिमीटरच्या आत असेल तर २१६ मिलिमीटरचे सरकते यंत्र पुरते. नित्य ५ बाय ३ ची चौकट कापावयाची असेल तर पुरेशा खोलीचे २५५ मिलिमीटरचे सरकते यंत्र पाहावे. ठरलेल्या रकमेतून आधी पाते, वायर, टेकू आणि सुरक्षेची साधने यांचा खर्च वजा करावा. उरलेल्या रकमेत ज्या यंत्राचे डोके पूर्ण ताणल्यावर सर्वांत कमी हलते आणि ज्याचे सुटे भाग जवळ मिळतात, ते निवडावे. लेझर, दुहेरी कल आणि जादा वॅट यांचा विचार त्यानंतर पैसे उरले तरच करावा.